नखांचं तेल

तेल प्रगतीनं केलं होतं, आणि बायका बघत होत्या उत्कर्षाच्या बोटांकडं.

मंगळवारची दुपार होती. अंथुर्ण्याच्या अंगणवाडीत बचत गटाच्या दहाजणी चटईवर बसल्या होत्या. शुक्रवारपासून बारामतीत बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि यंदा पहिल्यांदाच गटाला स्टॉल मिळाला होता. विकायला शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि प्रगतीचं नखांचं तेल. तपकिरी बाटली हातोहात फिरत होती. जिच्या हातात जाईल ती बूच उघडायची, वास घ्यायची, आणि मग मान वर करून प्रगतीच्या धाकट्या जावेकडं बघायची.

उत्कर्षाची नखं होतीही तशीच. बोटापुढं गव्हाच्या दाण्याएवढी वाढलेली, दहाच्या दहा सारखी, कडा गोल घासलेल्या. रंग लावलेला नसतानाही आतून गुलाबी.

"तू लावतीस व्हय गं हे तेल?" सारजानं तिला विचारलं.

"लावते ना. ताईंचंच लावते."

प्रगतीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. थोरल्या जावेचं मन राखायला असं बोलावंच लागतं. ही पोरगी मे महिन्यात बारामतीहून लग्न होऊन आली ती मुळात लांब नखं घेऊनच आली होती. मंगल परिणयाच्या वेळी विहाराच्या दारात बायकांनी तिचे हात धरधरून बघितले होते, आणि त्या बायकांना सरबताचे पेले देत फिरणारी प्रगती होती.

"मग माझं ऐका," सरोजिनीबाई म्हणाल्या. गटाच्या त्या अध्यक्ष. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळून निवृत्त झालेल्या. त्यांनी 'ऐका' म्हटलं की बायका अजूनही पोरांसारख्या गप्प व्हायच्या. "बारामतीत वल्लरीबाईंचं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान हाय. त्या पहिल्याच दिवशी स्टॉलवर येणार हायेत. तेल पसंत पडलं तर दुकानात ठेवणार, आन दर शनिवारी आपली एक बाई तितं बसवणार. गिऱ्हाइकाला लावून दाखवायला. बाई हुशार हाय, बाटलीच्या आधी हात बघंल. तवा स्टॉलवर उत्कर्षा बसंल. प्रगती, तू माल भरून दे."

"बरं," प्रगती म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण ती शनिवारची खुर्ची तिनं दोन वर्षं मनात धरून ठेवलेली होती. प्रगतीचं माहेर डाळजचं. बारावी सायन्सला चांगले गुण होते, पण त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि कॉलेज राहिलं. दोन वर्षांपूर्वी गटाच्या बायकांसाठी बारामतीत दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं तिनं वही भरून टिपणं घेतली. पहिलं तेल खवट झालं. दुसरं चिकट. तिसऱ्याला कडुनिंबाचा असा वास की ताईबाईंनी, म्हणजे सासूनं, बाटली परसात नेऊन ठेवली. चौथ्या वेळी खोबरेल आणि एरंडेलाचं माप जमलं. बाटलीबरोबर द्यायची चिठ्ठीही तिनंच लिहिली होती: आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं बुडवावीत, पुसून नखाच्या मुळाशी तेल जिरवावं, नख कानशीनं एकाच दिशेनं घासावं, भांडी घासताना हातमोजे घालावेत. बारामतीच्या दुकानात पंख्याखाली बसून हे सगळं आपण सांगतोय आणि शहरातल्या बाया ऐकतायत, हे चित्र तिला पाठ झालं होतं. त्या चित्रात खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं तिनं कधी कल्पिलं नव्हतं.

घरी येताना तिनं स्वतःचे हात बघितले. डाळिंबाच्या हंगामात पॅकिंगला जाऊन जाऊन नखांच्या कडा तपकिरी पडलेल्या. डाव्या अंगठ्याचं नख क्रेट पडल्यापासून मधोमध चिरलेलं. ते वाढायचं तेही चिरूनच. तेल ती स्वतःला लावत नसे. भरलेल्या बाटल्या गटाच्या, आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलंही ती आणखी एका बाटलीत निथळायची. शिवाय दिवसातून दहादा हात पाण्यात जायचे, टिकणार कुठं.

घरात वेगळंच कौतुक चाललेलं असायचं. उत्कर्षा गावातल्या सेवा केंद्रात दाखले, उतारे काढून द्यायचं काम करायची. पाचला घरी यायची आणि भांडी घासायला बसताना पिवळे रबरी हातमोजे चढवायची. पहिल्यांदा ते बघितले तेव्हा प्रगती म्हणाली होती, "ऑपरेशन करायचंय का भांड्यांचं?" सगळे हसले. उत्कर्षाही हसली, पण मोजे काढले नाहीत. रविवारी दुपारी ती खोलीचं दार लोटून तासभर आत असायची. फोन बघत लोळत असेल, असं प्रगतीनं ठरवून टाकलं होतं.

"हात बघा पोरीचं," मंगळवारच्या संध्याकाळी ताईबाई जेवताना म्हणाल्या. "जन्मताच देखणं असतं एकेकाचं."

"स्टॉलवर तीच बसणार म्हणं," प्रगतीचा नवरा अनुप म्हणाला. "बरं झालं. तुझं तेल खपंल."

तुझं तेल म्हणाला, हे खरं. पण त्याची नजर भाकरी मोडणाऱ्या उत्कर्षाच्या बोटांवरून गेली, आणि ती तेवढी नजर प्रगतीनं टिपली. बुधवारी दिवसभर तिनं चाळीस बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली, चिठ्ठ्या घड्या घालून दोऱ्यानं बांधल्या. प्रत्येक गाठीला तिला तीच बोटं दिसत होती. बाटली उचलून वल्लरीबाईंपुढं धरणारी.

गुरुवारी ताईबाई पौर्णिमेच्या तयारीला विहारात गेल्या. सासरे नाना केळीच्या तुकड्यातून दोन केळफुलं घेऊन आले, ती ओट्यावर ठेवली आणि पुन्हा शेताकडं गेले. उत्कर्षानं शुक्रवारच्या रजेला गुरुवारही जोडून घेतला होता, ती घरीच होती.

केळफूल सोलायला बसायचं तर आधी हाताला गोडंतेल चोपडायचं, हे या भागातल्या कुठल्याही घरात पोरीला दहाव्या वर्षी कळतं. जांभळी पानं उलगडली की आत बारीक फुलांच्या फण्या. प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा नखानं धरून उपटायचा, नाहीतर भाजी कडू होते. चीक आधी पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळा पडतो, आणि नखात बसला की नख वाढून कापलं जाईपर्यंत तिथंच राहतो.

प्रगतीला हे ठाऊक होतं. उत्कर्षा बारामतीत फ्लॅटमध्ये वाढलेली.

"एवढी दोन सोलतीस का?" प्रगती म्हणाली. "मी खोकी बांधते तवर."

"हो, द्या की. कशी सोलायची?"

प्रगतीनं एक फूल सोलून दाखवलं. तेलाची किटली हाताशी होती. तिनं स्वतःच्या हाताला तेल लावलं नाही, म्हणजे स्वतः केलं तसंच तिनं दाखवलं. तिच्या नखांचं असंही काय बिघडणार होतं.

"हातमोजे घालू?" उत्कर्षानं विचारलं.

"मोज्यानं दांडा कसा धरशील? नखानंच धरावा लागतो."

हेही खरंच होतं. प्रगती एक शब्द खोटं बोलली नाही. ती खोलीत जाऊन खोकी बांधत राहिली आणि तासभर बाहेर आली नाही.

चारच्या सुमाराला उत्कर्षा दारात उभी राहिली. दोन्ही हात पुढं धरलेले. नखांच्या कडा, कोपरे, मुळं काळपट तपकिरी झाली होती. मोटार दुरुस्त करणाऱ्याची असतात तशी.

"ताई, हे जात नाहीये."

"चीक हाय तो. लिंबू चोळ."

तिनं लिंबू चोळलं. मग चिंच. मग मीठ आणि लिंबू. कातडीवरचं निम्मं निघालं, नखांतलं तसूभरही नाही. तोवर परतलेल्या ताईबाईंनी ते बघितलं आणि त्या ओट्यापाशीच थांबल्या.

"तेल लावलं न्हाय व्हय गं?"

"मला माहीत नव्हतं, आत्या."

ताईबाईंनी थोरल्या सुनेकडं बघितलं. "आन तुला?"

"मी खोकी बांधत हुते," प्रगती म्हणाली.

त्या संध्याकाळी केळफुलाची भाजी सगळ्यांना आवडली. नानांनी दुसऱ्यांदा घेतली.

शुक्रवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर सरोजिनीबाईंनी उत्कर्षाचे हात उलटेपालटे करून बघितले आणि एक लांब श्वास सोडला. "आता काय करायचं. प्रगती, तू बस पुढं. उत्कर्षा, तू मागं बसून माल दे, आन हात टेबलाखाली ठेव."

प्रगतीनं निळी साडी नेसली होती. ती तिनं रात्रीच इस्त्री करून ठेवली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर होतं. दहाला गर्दी सुरू झाली. चटणी खपत होती, कुरडया खपत होत्या. तेलापाशी बाया थांबायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि म्हणायच्या, "बघू तुमची नखं." प्रगती बोटं मुठीत घ्यायची. "माझं शेतातलं काम हाय ना," असं म्हणायची. बाया हसून पुढच्या स्टॉलला जायच्या. बारापर्यंत चाळीसपैकी दोन बाटल्या गेल्या. त्यातली एक सरोजिनीबाईंच्या भाचीनं घेतली.

साडेबाराला वल्लरीबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी बाटली उघडून थेंब मनगटावर चोळला, हुंगला, चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

"मी," प्रगती म्हणाली.

"चांगली आहे. 'एकाच दिशेनं घासावं' हे सहसा कुणी लिहीत नाही." आणि त्यांनी हात पुढं केला. "द्या."

प्रगतीला हात द्यावा लागला. वल्लरीबाईंनी चष्मा लावला, चिरलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"तेल तुम्ही बनवता, आणि लावत नाही."

"वेळ न्हाय मिळत."

"मग हे लागू पडतं हे तुम्हाला कशावरून कळलं? घरात कुणी वापरून बघितलंय?"

गावात बाटल्या वाटल्या होत्या, पण कुणी आठवड्यातून एकदा बोटं कोमट पाण्यात बुडवली असतील याची तिला खात्री नव्हती. दाखवावेत असे हात एकीचेच होते, आणि ते जन्मतःच तसे होते असं ती मानून बसली होती. वर आता ते टेबलाखाली होते.

"मी वापरते," मागून उत्कर्षा म्हणाली.

तिनं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि वल्लरीबाईंच्या हातात दिला. प्रगती वाकली. पहिल्या फोटोत एक हात पांढऱ्या टॉवेलवर ठेवलेला होता. नखं कुरतडलेली, बोटाच्या मांसात रुतलेली, वरचा थर कागदासारखा सुटलेला.

"हा कुणाचा?" वल्लरीबाईंनी विचारलं.

"माझाच. मे महिन्यातला. मी लहानपणापासून नखं खायचे. लग्नात पार्लरवालीनं खोटी चिकटवली होती. ती आठवड्यानं काढली तर खाली हे असं. लाज वाटायची, म्हणून दिवाळीपर्यंत गडद रंग लावून फिरले, रविवारी तेवढा काढायचे. ताईंच्या खोक्यातली एक बाटली मागून घेतली होती. चिठ्ठीत लिहिलंय तसं दर रविवारी करते. आणि फोटो काढते. तीस झाले."

वल्लरीबाई बोटानं फोटो सरकवत गेल्या. जूनमध्ये नखाच्या मुळाशी एक नितळ पट्टी दिसायला लागली. जुलैत ती पुढं सरकली. गणपतीच्या सुमाराला एक कोपरा तुटला होता, पुढच्या रविवारी तो गोल घासलेला. दिवाळीत दहाही नखं बोटाच्या पुढं आली. तीच बोटं, ज्यांच्यावरून प्रगतीनं सात महिने रोज मनातल्या मनात बोटं मोडली होती.

प्रगतीला आधी आनंद व्हायला हवा होता. तेल लागू पडत होतं; तिचं माप, तिची चिठ्ठी, सगळं बरोबर होतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आपल्याला हे आधी सांगितलं असतं तर ते फोटो आपण दाखवले असते. त्याच्या मागोमाग आठवलं, की मंगळवारी अंगणवाडीत, सगळ्यांसमोर, तिनं सांगितलं होतं.

"आत्ताचे हात बघू," वल्लरीबाई म्हणाल्या.

उत्कर्षानं ते टेबलावर ठेवले. सरोजिनीबाईंनी दुसरीकडं बघितलं.

"केळफूल," वल्लरीबाई लगेच म्हणाल्या. "तेल न लावता बसलीस?"

"हो."

"कुणी सांगितलं नाही घरात?"

उत्कर्षानं प्रगतीकडं बघितलंही नाही. वल्लरीबाईंनी एकेक नख दाबून, वाकवून बघितलं.

"डाग वरचा आहे. चार-पाच महिन्यांत वाढून कापला जाईल. नख मात्र मजबूत आहे, दांडे उपटूनही एक टवका गेलेला नाही." त्यांनी फोन परत दिला. "दोन डझन बाटल्या ठेवते. आणि पुढच्या शनिवारपासून ही मुलगी बसेल, हे फोटो घेऊन. डाग असेना. उलट बायका विचारतील."

म्हणजे डागासकट तीच. कालची दुपार फुकट गेली होती, आणि जिच्यासाठी तिनं ती घालवली त्या खुर्चीकडं आता काळ्या नखांची तीच पोर निघाली होती.

"बसवायचं तर ताईंना बसवा," उत्कर्षा म्हणाली. "तेल त्यांचं आहे."

तिनं हे सरळ आवाजात म्हटलं, उपकाराचा सूर न लावता. प्रगतीला तेही सहन झालं नाही. नखं हिची, फोटो हिचे, आणि चांगुलपणाही हिनंच घ्यायचा. 'बरं' एवढंच म्हणायचं बाकी होतं. वल्लरीबाई चष्म्यावरून तिच्याकडं बघत होत्या. पण ही खुर्ची घेतली तर ती उत्कर्षानं दिलेली असणार होती. दर शनिवारी तिच्यावर बसताना ते टोचणार होतं.

"मी सांगितलं न्हाय," प्रगती म्हणाली.

"काय?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"केळफुलाला तेल लावायचं असतं ते. तिनं मोजे घालू का म्हणून विचारलं तर ते पण नको म्हणले. तेलाची किटली तितंच हुती. मला स्टॉलवर बसायचं हुतं."

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. वल्लरीबाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "ते तुमचं घरचं," त्या म्हणाल्या. "मला शनिवारी कोण येणार तेवढं सांगा."

प्रगतीनं जावेकडं बघितलं. उत्कर्षाच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"आईनं सांगितलं काल फोनवर," उत्कर्षा म्हणाली. "तिला फोटो पाठवला तर तिनं लगेच विचारलं, तुझ्या जावेनं तेल दिलं नाही का. मी म्हटलं, विसरल्या असतील. सकाळी एसटीत तुमच्या शेजारी बसले होते. म्हटलं, सांगतील."

"आता सांगितलं की."

"हो. आता सांगितलं." ती वल्लरीबाईंकडं वळली. "मी येईन शनिवारी. मघाशी म्हटलं ते राहू द्या."

वल्लरीबाईंनी पिशवीतून डायरी काढली. बनवणारीचं नाव आणि बसणारीचं नाव, दोन्ही लिहून द्या म्हणाल्या. सरोजिनीबाईंनी पेन प्रगतीकडं सरकवलं, अंगणवाडीतल्या पोराला पाटी द्यावी तसं. तिनं पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत उत्कर्षाचं. अक्षर तिचं चांगलं होतं. दोन्ही नावं सारखीच वळणदार आली.

दुपारनंतर उत्कर्षा पुढं बसली आणि प्रगती मागं. उत्कर्षा फोटो दाखवायची, बाया तिच्या काळ्या नखांना हसायच्या, आपापल्या केळफुलाच्या गोष्टी सांगायच्या आणि बाटली घ्यायच्या. एकीनं विचारलं, "तेल कुणाचं?" उत्कर्षानं मागं बोट दाखवलं. "जाऊबाईंचं." बाई प्रगतीकडं बघून मान हलवून गेली. प्रगती हसली. हसताना तिला कळत होतं की ती अजून मोजतेय: बाई उत्कर्षापुढं किती वेळ थांबली आणि आपल्याकडं किती वेळ बघितलं.

पाचला गर्दी ओसरली. सरोजिनीबाई चहा सांगायला गेल्या. दोघीच उरल्या.

"शनिवारी किती वाजता बोलावलंय?" प्रगतीनं विचारलं.

"अकराला."

"मग नऊची एसटी धरावी लागंल. डबा मी करून देते सकाळी."

उत्कर्षा रिकामं खोकं घडी करत होती. तिनं घडी पूर्ण केली, खोकं टेबलाखाली सारलं.

"नको, ताई," ती म्हणाली. "माझा डबा मी करीन."